दाण्याच्या कुटापासून दुधाच्या सायीपर्यंत : लहान मुलांची अन्नाची ॲलर्जी घरी कशी सांभाळावी

माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना आषाढी एकादशीला तिच्या आजीने साबुदाण्याच्या खिचडीतला मऊ भाग बोटाने चुरून तिच्या तोंडात घातला. दहा मिनिटांत ओठांभोवती लाली आली, मग पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या. घरात लगेच निदानही झाले, ‘पित्त उठलंय’, आणि आमसुलाच्या पाण्याची वाटी आली. पाणी लावत असतानाच तिने दोनदा उलटी केली, तीही आम्ही ‘पचलं नसेल’ म्हणून पुसून टाकली. अंगावर गांधी आणि त्याच वेळी उलटी, म्हणजे शरीरातील दोन वेगळ्या यंत्रणांनी एकाच वेळी दिलेला इशारा, ही गंभीर प्रतिक्रियेची खूण असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या दिवशी सगळे आपोआप ओसरले, हे आमचे नशीब. पुढच्या काही वर्षांत डॉक्टरांकडून, वाचनातून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकलो, ते आमच्यासारख्याच घरांसाठी क्रमाने लिहीत आहे. हा लेख वैद्यकीय सल्ल्याची जागा घेणारा नाही. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आणि तेथून परत आल्यावर घरी काय करायचे, एवढीच त्याची मर्यादा आहे.

आधी त्रासाचे नाव नेमके ठरवावे

‘त्याला दूध चालत नाही’ या एका वाक्यात निदान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. खरी तात्काळ ॲलर्जी ही रोगप्रतिकारशक्तीची चूक असते. अन्नातील एखादे निरुपद्रवी प्रथिन शरीर शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवते, आणि तेच अन्न पुन्हा आले की काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणे, उलटी, खोकला, घरघर अशी लक्षणे दिसतात. ही ॲलर्जी चिमूटभर अन्नानेही उसळू शकते आणि तीच जिवावर बेतू शकते.

दुसरा प्रकार संथ असतो आणि त्यात आयजीईचा भाग नसतो. दोन-तीन महिन्यांचे, एरवी हसतेखेळते, वजन वाढणारे बाळ शीतून रक्ताचे धागे आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ टाकू लागते. याचे नेहमीचे कारण आईच्या दुधातून किंवा वरच्या दुधातून पोहोचलेले गाई-म्हशीच्या दुधाचे प्रथिन हे असते. याच गटातील एक तीव्र प्रकार असा, की अन्न खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळाला उलट्यांमागून उलट्या होतात आणि ते पांढरेफटक, मलूल पडते. अंगावर पुरळ नसल्यामुळे ही विषबाधा किंवा पोटाचा संसर्ग समजली जाते. दूध, सोया आणि अगदी भातानेही हे होऊ शकते, म्हणून ‘भाताने काय होणार’ असे म्हणून दुसऱ्या खेपेकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे लॅक्टोज न पचणे. दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडले की पोट फुगते, गॅस होतो, आंबूस पाण्यासारखी शी होते. यात प्रतिकारशक्तीचा संबंध नसतो. लहान मुलांत हे बहुधा जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे टिकते आणि आतड्याचे अस्तर भरून आले की जाते. अशा मुलाला दही आणि ताक बरेचदा सोसते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र दही-ताकही वर्ज्य असते. या दोहोंची गल्लत आपल्याकडे रोजची आहे. ‘लॅक्टोज-मुक्त’ असे छापलेल्या डब्यात दुधाचे प्रथिन पूर्णपणे असते, तेव्हा ॲलर्जी असलेल्या बाळाला तो डबा देणे म्हणजे दूधच देणे.

चौथी गोष्ट निव्वळ कातडीची. टोमॅटो, लिंबू, संत्रे अशा आंबट पदार्थांचा रस हनुवटीला लागून तेवढीच जागा लाल होते आणि अर्ध्या तासात मावळते. ही ॲलर्जी नव्हे. शिवाय मुलांच्या अंगावर उठणाऱ्या गांधींपैकी पुष्कळशा साध्या विषाणूजन्य तापसर्दीत उठतात. सर्दी झालेल्या मुलाने त्या दिवशी अंडे खाल्ले होते, एवढ्यावरून अंड्याला दोषी धरू नये.

गव्हाच्या बाबतीत एक निराळी खबरदारी आहे. सेलिअॅक हा ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातील एका प्रथिनामुळे, आतड्याला इजा करणारा दीर्घकालीन आजार आहे आणि त्याची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच खरी निघते. वजन वाढत नाही म्हणून कोणी गहू बंद करायला सांगितले, तर बंद करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. नाहीतर निदान महिनोन्‌महिने लांबते.

वही आणि मोबाइलचा कॅमेरा

डॉक्टरांच्या हाती देता येईल असे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे आठ-दहा रुपयांची वही. तीत पुढील गोष्टी जेवढ्या तेवढ्या लिहाव्यात: काय खाल्ले, किती खाल्ले, कच्चे की शिजवलेले, घरचे की विकतचे, आणि विकतचे असल्यास वेष्टनाचा फोटो, पहिले लक्षण किती मिनिटांनी दिसले आणि किती वेळ टिकले, त्या दिवशी ताप, सर्दी, जुलाब, नवे औषध किंवा लस होती का, आणि हाच पदार्थ पूर्वी किंवा नंतर खाल्ल्यावर काय झाले. शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका असतो. मुलाने ज्या पदार्थावर संशय आहे तो नंतर दोनदा मजेत खाल्ला असेल, तर तात्काळ ॲलर्जीचा आरोप बहुतेक तेथेच गळून पडतो. पुरळ डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत गेलेले असते, म्हणून दिसताक्षणी फोटो काढावा. श्वासाचा आवाज वेगळा वाटला तर मदतीसाठी निघता निघता काही सेकंदांचे ध्वनिचित्रण करावे. त्यासाठी थांबू मात्र नये.

आमच्या वहीतली पहिली नोंद मी आठवड्यानंतर आठवून लिहिली होती आणि तीत ‘साबुदाणा’ एवढाच शब्द होता. दाण्याचा कूट मला पदार्थ वाटलाच नव्हता, तो मिठासारखा गृहीत होता. डॉक्टरांनी ‘खिचडीत काय काय घातलं होतं ते एकेक करून सांगा’ असे विचारले तेव्हा साबुदाणा, बटाटा, जिरे, मिरची, तूप असे मोजत मी पाचव्या बोटाशी थांबले आणि मग कूट आठवला.

तपासण्या : कोणत्या कराव्यात, कोणत्या करू नयेत

बालरोगतज्ज्ञांनी पाठवल्यास ॲलर्जीतज्ज्ञ त्वचेवर थेंब ठेवून टोचण्याची तपासणी करतात किंवा रक्तातील त्या विशिष्ट अन्नाविरुद्धची आयजीई मोजतात. त्वचेच्या तपासणीपूर्वी काही दिवस अँटिहिस्टामिन, म्हणजे खाज-गांधी दाबणारी, औषधे बंद ठेवावी लागतात; किती दिवस, ते वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे. येथे एक गोष्ट मनात पक्की करावी, की तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येणे म्हणजे ॲलर्जी असणे नव्हे. कर्नाटकातील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली, पण अन्नाची ॲलर्जी असण्याचा संभव फक्त १.२ टक्के लोकांत दिसला. म्हणजे नुसत्या रक्ताच्या अहवालावरून पथ्य लावायचे ठरवले, तर वीस-बावीस माणसांना उपाशी ठेवून एकाला वाचवल्यासारखे होईल. ज्या अन्नाने त्रास झाल्याचा इतिहास आहे, त्याचीच तपासणी करावी. ‘आलोच आहोत तर सगळंच करून घेऊ’ हा हिशेब येथे महागात पडतो.

शंभर-दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या ‘इनटॉलरन्स’ चाचण्या बहुधा आयजीजी नावाची निराळी प्रतिपिंडे मोजतात. आपण जे अन्न नेहमी खातो त्याविरुद्ध ती सर्वांच्याच शरीरात असतात. त्यांवरून ॲलर्जीचे निदान करू नये, असे जगभरच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितले आहे. केसांचा नमुना घेऊन ॲलर्जी सांगणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

शंका उरली तर निर्णायक कसोटी एकच: रुग्णालयात, सर्व तयारीनिशी, तोच पदार्थ अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देऊन पाहणे. ही कसोटी घरी करण्याचा मोह कितीही झाला, तरी ज्याला एकदा तात्काळ प्रतिक्रिया आली आहे त्या मुलावर ती घरी कधीही करू नये.

उष्टावणानंतर नवे अन्न कसे द्यावे

सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि मग उष्टावण, ही आपल्याकडची चाल आजच्या सल्ल्याशी जुळते. जुळत नाही ती नंतरची भीती. दाणे, अंडे, मासे ‘गरम पडतात’, ‘बाधतात’ म्हणून दोन-तीन वर्षे लांबवणे आता योग्य मानले जात नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सुचवले होते आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनमधील आणि इस्राएलमधील ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट आढळली, आणि इस्राएलमध्ये बाळे पहिल्याच वर्षात शेंगदाण्याचा तोंडात विरघळणारा कुरकुरीत खाऊ खात होती. मग लंडनमध्ये ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी तीव्र एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाजण्याचा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे घेऊन प्रयोग केला. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना टाळायला सांगितला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: पाचव्या वर्षी खाणाऱ्या गटातील शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्या गटापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. भात, वरण, नाचणीची पेज, भाज्या सुरळीत सुरू झाल्या की एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यावा. दिवस असा निवडावा की बाळ बरे आहे, सकाळची वेळ आहे, पुढचे दोन तास कोणीतरी मोठे माणूस जवळ आहे आणि दवाखाने उघडे आहेत. दाणे भाजून, सोलून, अगदी लोण्यासारखे वाटून ती पेस्ट कोमट पेजेत सैल करावी. खवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्यावेत. चमच्याच्या टोकावर मावेल एवढेच प्रथम द्यावे, दहा मिनिटे थांबावे, काही झाले नाही तर उरलेले सावकाश भरवावे. अंडे खाणाऱ्या घरात ते पूर्ण उकडून, पिवळा-पांढरा दोन्ही भाग कुस्करून द्यावे. एकदा सोसले की काम संपत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तो पदार्थ पोटात जात राहिला पाहिजे, कारण सोसण्याची सवय सातत्याने टिकते. अख्खे दाणे, काजू, फुटाणे मात्र पाच वर्षांच्या आत देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात, आणि हा धोका ॲलर्जीहून वेगळा व तितकाच खरा आहे.

ज्या बाळाला तीव्र एक्झिमा आहे किंवा एखाद्या अन्नाची ॲलर्जी आधीच दिसली आहे, त्याला शेंगदाणा देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. टाळण्यासाठी नव्हे, कोठे आणि कसा द्यावा हे ठरवण्यासाठी.

येथे आपल्या घरांतील दोन प्रथांकडे पाहावेसे वाटते. बाळगुटीत सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ असे अनेक पदार्थ एकत्र उगाळले जातात. त्यामुळे त्रास झालाच तर कोणत्या वेढ्याने झाला ते कळायला मार्ग राहत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत ती देण्याचे कारणही नाही. दुसरी प्रथा अंघोळीची. डाळीचे पीठ, साय, बदामाचे तेल बाळाच्या अंगाला चोळतात. निरोगी कातडीवर त्याने बहुधा काही बिघडत नाही. पण कातडी एक्झिमाने कोरडी, भेगाळलेली असेल तर अन्नाचे प्रथिन तोंडाऐवजी कातडीतून शरीरात शिरते, आणि कातडीच्या वाटेने झालेली ओळख ॲलर्जीकडे नेते, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. अशा बाळाला पीठ-साय लावू नये, साधे सुगंधविरहित मलम दिवसातून दोनदा भरपूर लावावे आणि एक्झिमावर वेळेवर उपचार घ्यावेत.

दुधाची ॲलर्जी

बाळांमध्ये सर्वांत जास्त दिसणाऱ्या ॲलर्जींपैकी ही एक आणि आपल्या घरात पाळायला सर्वांत अवघड. अंगावर पिणाऱ्या बाळाला शीतून रक्त येत असेल तर स्तनपान थांबवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, लोणी पूर्ण बंद करून पाहावे आणि त्या काळात कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात. फरक पडला, तर पुन्हा दूध सुरू करून लक्षण परत येते का ते तपासणे हा उपचाराचा आवश्यक भाग आहे. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मग फरक दुधामुळे पडला की आपोआप, हे कधीच कळत नाही आणि बाळंतीण विनाकारण वर्षभर कोरड्या भाकरीवर राहते.

वरचे दूध लागत असेल तर गाईऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध हा उपाय नाही. या दुधांतील प्रथिने इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो. डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर सुचवतात. ती महाग असते, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी निदान पक्के असणे खिशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. बदामाचे किंवा तांदळाचे ‘दूध’ बाळाचे मुख्य अन्न होऊ शकत नाही. त्यात प्रथिने फारच कमी असतात आणि त्यावर वाढवलेली बाळे कुपोषित होतात.

वर्षावरच्या मुलाचे दूध बंद झाले की कॅल्शियमची सोय पानातून करावी लागते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५०० मिलीग्रॅम लागते. पण एवढे पीठ लहान मूल एका दिवसात खात नाही आणि त्यातील सगळे कॅल्शियम अंगी लागतही नाही, म्हणून तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी यांची जोड आणि बहुधा औषधाचीही जोड लागते. दर दोन-तीन महिन्यांनी वजन-उंची वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्यावी; रेघ सपाट होऊ लागली तर पथ्य पुन्हा तपासावे.

लपलेले दूध ओळखायला शिकावे लागते. बिस्किटे, पाव, टोस्ट, चॉकलेट, खारी यांत दुधाची भुकटी असू शकते. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तुपाची धार सोडू नये. पूजेतील तीर्थ हा तर विसरलाच जाणारा पदार्थ. पंचामृतात दूध, दही, तूप आणि मध असतात, आणि मध तर ॲलर्जी नसलेल्या बाळालाही बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे वर्षाच्या आत देऊ नये. तीर्थाला नाही म्हणणे आजी-आजोबांना जड जाते. आमच्याकडे तीर्थ बाळाच्या डोक्याला लावायचे ठरले आणि तो वाद मिटला.

स्वयंपाकघराची मांडणी

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल मराठी घरात वाढवायचे म्हणजे अर्धा स्वयंपाक नव्याने शिकायचा. कोशिंबीर, भरली वांगी, चटण्या, ठेचा, चिवडा, आळूचे फदफदे, गुळपोळी, उपासाची दाण्याची आमटी, सगळीकडे दाणा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो दिसत नाही. आम्ही दोन वर्षे घरातून दाणा पूर्ण हद्दपार केला आणि कुटाच्या जागी भाजलेल्या खोबऱ्याचा किंवा सोललेल्या मगजबीचा कूट वापरला. तीळ चालतो की नाही हे डॉक्टरांकडून निश्चित करून घेतल्यावरच तोही आणला. जेथे दाणा ठेवायचाच आहे तेथे वेगळा डबा, वेगळी पळी आणि मिक्सरचे वेगळे भांडे ठेवावे. मिक्सरच्या झाकणातील रबरी कडी काढून पाहा. तिच्या खाचेत कालचा कूट बसलेला असतो. खिचडीचा झारा भगरीत जाणे ही दुसरी नेहमीची चूक. ज्याला वेगळे शिजवायचे त्याचे प्रथम शिजवून, वाढून, झाकून ठेवावे आणि मग दाण्याच्या पदार्थाला हात लावावा, हा क्रम पाळला की निम्मे अपघात टळतात.

तेलाबाबत एक बारकावा आहे. चांगल्या शुद्ध केलेल्या रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. पण सध्या आवडीने आणले जाणारे लाकडी घाण्याचे तेल गाळलेले असले तरी त्यात प्रथिन राहते. अशा घरात ते आणू नये.

गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी हिंगाची डबी उलटून वाचावी. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. काजूची ॲलर्जी असणाऱ्याला पिस्त्यानेही त्रास होण्याची शक्यता मोठी असते, आणि उपाहारगृहातील पांढऱ्या-केशरी रश्शात काजूची पेस्ट असते. कोकण-गोव्यात कोलंबी किंवा सुकट भाजताना उठणाऱ्या वाफेनेही काही मुलांना शिंका, खोकला, दम लागतो. अशा मुलाला त्या वेळी चुलीपासून लांब ठेवावे.

वेष्टन वाचताना कायद्याची मर्यादा ठाऊक असावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व झाडावरचे कठीण कवचाचे सुकामेवे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट (अन्न टिकवणारे रसायन) यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत, हरभऱ्याची डाळही नाही. भारतात डाळींची, विशेषतः हरभऱ्याची, ॲलर्जी असलेली मुले आढळतात आणि बेसन तर सर्वत्र असते. तेव्हा अशा मुलासाठी ठळक अक्षरांतली ॲलर्जीची ओळ पुरत नाही, घटकांची संपूर्ण यादी वाचावी लागते, आणि दर खरेदीला वाचावी लागते, कारण तोच पुडा नव्या घटकांनी येऊ शकतो. परदेशी राहणाऱ्यांसाठी याद्या निराळ्या आहेत: अमेरिकेत २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत आला, युरोपात तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत.

जिवावरचा प्रसंग

नुसत्या थोड्या गांधी किंवा ओठाची खाज असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेले अँटिहिस्टामिन द्यावे आणि मुलाला नजरेआड होऊ देऊ नये. परंतु आवाज घोगरा होणे, सतत खोकला, घरघर, जीभ सुजणे, एकाएकी मलूल किंवा फिकट पडणे, भोवळ, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या, यांपैकी काहीही दिसले तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया, समजावा. त्यावर पहिले औषध एकच, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या मध्यभागी, स्नायूत, गरज पडल्यास कपड्यावरूनही. अँटिहिस्टामिनचे सरबत श्वास वाचवत नाही. ते देऊन वाट पाहण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

परदेशात मिळणारी तयार पेनसारखी इंजेक्शने आपल्याकडे औषधांच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, म्हणून येथील डॉक्टर ॲम्प्यूल (औषधाची बंद काचेची कुपी) आणि सिरिंज देऊन ती भरायला शिकवतात. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम असते. एका मिलीलीटरमध्ये एक मिलीग्रॅम असलेल्या द्रावणाचे दहा किलोच्या बाळाला ०.१ मिलीलीटर होते. दशांशचिन्हाची चूक येथे दहापट मात्रा देते, म्हणून आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा, सिरिंजवर त्या रेघेला शाईची खूण करून घ्यावी, आणि वजन वाढले की आकडा बदलून घ्यावा. घरी सिरिंजमध्ये पाणी भरून सराव करण्यापेक्षा डॉक्टरांसमोर दोनदा करून दाखवणे बरे. औषध उन्हात, गाडीच्या खणात ठेवू नये. रंग तांबूस झाला तर टाकून द्यावे.

इंजेक्शन देताच १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाकडे निघावे. मुलाला आडवे निजवून पाय थोडे उंच ठेवावेत, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, दम लागत असेल तर पाय लांब करून बसू द्यावे. उभे करू नये, चालवू नये. घाबरलेली आई बाळाला खांद्यावर उभे धरते, नेमके तेच टाळावे. आडवे, मांडीवर घ्यावे. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा देता येते, म्हणून ॲम्प्यूल नेहमी दोन असाव्यात. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबावेच, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात. ज्या मुलाला दमाही आहे त्याचा दमा आटोक्यात ठेवणे हा याच तयारीचा भाग आहे. जीव गेलेल्या प्रसंगांत आटोक्यात नसलेला दमा वारंवार दिसतो.

शाळा, लग्नकार्य, प्रवास

शाळेत किंवा अंगणवाडीत एका पानावर लिहिलेली योजना द्यावी: मुलाचा फोटो, कोणते अन्न वर्ज्य, कोणती लक्षणे दिसली तर काय करायचे, कोणाला फोन करायचा. तोंडी सांगितलेले शिक्षक बदलले की जाते. आमच्या मुलीच्या पहिल्या शाळेत मी सांगितलेले बाईंच्या लक्षात होते, पण वाढदिवसाची चिक्की वाटली त्या दिवशी त्या रजेवर होत्या. सुदैवाने मुलीने स्वतःच ती खाल्ली नाही. चार वर्षांच्या मुलालाही ‘आईला विचारल्याशिवाय खात नाही’ एवढे एक वाक्य म्हणता येते, ते तिला पाठ होते. वर्गात तिचा स्वतःचा खाऊचा डबा ठेवला, म्हणजे वाटप झाले की तिच्याही हाती काहीतरी पडते. दाणे खाल्लेल्या मुलांनी हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, दाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते.

लग्नाच्या पंगतीत ‘यात दाणे आहेत का’ असे विचारले की वाढपी ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला अख्खे दाणे दिसत नाहीत. आचाऱ्याला गाठून ‘कूट, दाण्याचं तेल, चटणी घातली आहे का’ असे विचारावे. उत्तर देताना तो घुटमळला तर घरचा डबा उघडावा. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन पिशवीत ठेवावा, घरी वाचून-विचारून मग काय ते ठरवावे.

दरवर्षी पुन्हा तपासणे

दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयापर्यंत किंवा किशोरवयापर्यंत जाते. शेंगदाण्याची साधारण पाचात एकाची जाते. मासे आणि कोलंबी-खेकड्यांची बहुधा राहते. अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या पुष्कळ मुलांना केकसारख्या, बराच वेळ भट्टीत भाजलेल्या पदार्थातील अंडे-दूध सोसते, आणि तेथून पायरी-पायरीने पुढे जाता येते. पहिली पायरी मात्र डॉक्टरांनी ठरवावी. अंड्याची ॲलर्जी असली तरी गोवराची लस थांबवू नये, ती सुरक्षित आहे.

माझ्या मुलीला दाण्यांबरोबर अंड्याचीही ॲलर्जी होती. साडेचार वर्षांची असताना रुग्णालयात सकाळी नऊपासून दुपारपर्यंत वाटाण्याएवढ्या तुकड्यापासून सुरुवात करून तिने पूर्ण उकडलेले अंडे संपवले आणि काहीही झाले नाही. निघताना डॉक्टरांनी बजावले, की आता आठवड्यातून दोनदा अंडे खाल्लेच पाहिजे, भीतीने पुन्हा बंद केलेत तर सोसण्याची सवय मोडू शकते. घरी येऊन फ्रीजवरची यादी काढली, ‘अंडे’ खोडण्याऐवजी नवीन कागदावर नवी यादी तारखेसह लिहिली, आणि जुन्या यादीच्या प्रती आजीच्या पर्समधून, शाळेच्या फाइलमधून आणि शेजारच्या काकूंकडून आठवणीने परत आणल्या. काकूंच्या प्रतीवर आम्ही न लिहिलेले दोन पदार्थ त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवले होते, फणस आणि आइस्क्रीम.